डबलसीट: शहाड ते आल्प्स, मागच्या आसनाचा इतिहास

शहाडच्या रेल्वे उड्डाणपुलावरून सकाळी जाणाऱ्या दुचाकींवर वडील, मागे आई आणि पुढे दप्तर सांभाळणारे मूल दिसले, तर कोणी वळूनही पाहत नाही. आता असे समजू, की याच परिसरातील एका कुटुंबाने आठ वर्षांच्या मुलीला मागे बसवून मोटारसायकलने दीड महिना युरोप पाहायचे ठरवले आहे. व्हिसा, गाडी, पैसा, पावसाळी कपडे अशी यादी तयार होईल. पण या सर्वांच्या आधीचा प्रश्न असा, की त्या मागच्या आसनावर मूल बसवता येते काय? याचे उत्तर देशागणिक बदलते, आणि ते का बदलते हे समजण्यासाठी दुचाकीच्या मागच्या आसनाचा इतिहास पाहावा लागतो.

मुंबईहून दोन चाकांवर युरोप गाठण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे प्रदक्षिणा पूर्ण करून मार्च 1928 मध्ये परतले. इराण आणि इराकच्या वाळवंटातून ते युरोपात पोहोचले होते. त्यांच्यासोबत मूल नव्हते, हे सांगायला नकोच. त्या काळच्या साहसी प्रवासाच्या कल्पनेत मुलाला जागाच नव्हती.

अशा प्रवासाची कागदपत्रेही त्याच काळात आकार घेत होती. 1909 आणि 1926 च्या पॅरिस करारांनी वाहन आणि चालक यांच्या आंतरराष्ट्रीय परवान्याची चौकट घातली, 1949 च्या जिनिव्हा कराराने ती व्यापक केली. शहाडचा चालक आज कल्याणच्या आरटीओकडून जो आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना घेतो, त्याचे मूळ या करारांत आहे; तो एक वर्ष चालतो. स्वतःची गाडी पाकिस्तान किंवा इराणमार्गे न्यायची असेल, तर ‘कार्ने’ नावाचे सीमाशुल्काचे हमीपत्र लागते. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, परत जाईल, एवढाच त्याचा अर्थ. हे सारे कागद चालकाविषयी आणि गाडीविषयी बोलतात. मागे कोण बसले आहे, याविषयी त्यांत एक शब्दही नाही.

मागच्या माणसाची गोष्ट सुरू होते ती इटलीत. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाजिओ कंपनीसाठी कोरादिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने व्हेस्पा घडवली. 1946 मध्ये ती बाजारात आली. दास्कानिओला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. कपड्यांना तेल लागू नये, स्त्रियांनाही सहज बसता यावे, म्हणून त्याने इंजिन मागे झाकून टाकले आणि पुढे पाय ठेवायला सपाट जागा सोडली. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंतीने लॅम्ब्रेटा आणली. 1950 च्या दशकात मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा भारतात आणली, पुढच्या दशकात आकुर्डीत बजाजची व्हेस्पा तयार होऊ लागली. पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली.

दास्कानिओने पायांसाठी ठेवलेल्या त्या सपाट जागेवर भारतात मूल उभे राहिले. हा बदल कोणत्याही अभियंत्याने केलेला नाही, तो कुटुंबांनी केला. शहाडची सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथ-बदलापूरचे कारखाने अशा पट्ट्यात पक्की नोकरी आणि दारातली स्कूटर या स्थैर्याच्या जोडखुणा होत्या. नोंदणीनंतर स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, मोटार तर आवाक्याबाहेरची. मग चौघांचे कुटुंब एका स्कूटरवर बसणे ही चैन नव्हती, तो एकमेव मार्ग होता. 1989 मधील ‘हमारा बजाज’ या जाहिरातमोहिमेने स्कूटरला घरातल्या माणसाचे स्थान दिले, ते उगाच नव्हे.

कायदा मात्र या दृश्याकडे पाहतच नव्हता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 128 स्पष्ट सांगते, की दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती असावी आणि तीही चालकाच्या मागे, पक्क्या आसनावर बसलेली असावी. म्हणजे पुढे उभे असलेले मूल, ज्याची छायाचित्रे अनेक घरांच्या अल्बममध्ये आहेत, ते कायद्याच्या अक्षराप्रमाणे तेथे असूच शकत नव्हते. ‘ट्रिपलसीट’ हा शब्द पोलिसांच्या पावतीवर आला तो कॉलेजच्या तीन मुलांसाठी; आई, वडील आणि मूल यांच्यासाठी तो क्वचितच वापरला गेला. समाजाने केलेली ही मूक सवलत होती, आणि तिची किंमत अपघातात मुलांनीच मोजली.

त्याहून विलक्षण गोष्ट साडीची. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 123 मागच्या प्रवाशासाठी हाताला आधार आणि पायाला टेकू मागतो. शिवाय मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकण्याचीही सक्ती करतो, प्रवाशाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. हाच आपला साडीगार्ड. कायद्याने मागच्या आसनावरची साडी 1989 मध्ये पाहिली. मूल दिसायला आणखी तीस वर्षे लागली. 2019 च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक केले. फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने चार वर्षांखालील मुलांसाठी चालकाला जोडणारा सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा ठरवली. ती एक वर्षानंतर लागू झाली. तो पट्टा 30 किलोपर्यंत वजन पेलणारा असावा, इतका तपशील त्यात आहे. 2023 मध्ये केरळने दहा वर्षांखालील मुलाला तिसरा प्रवासी म्हणून सूट मागितली, तेव्हा केंद्राने ती नाकारली. अनेक वर्षे चाललेली सवलत कागदावर येऊ पाहताच बंद झाली, असे म्हणता येईल.

हेल्मेटच्या इतिहासातही मुले आहेत, पण वेगळ्या ठिकाणी. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स 13 मे 1935 रोजी इंग्लंडमधील डॉर्सेटमध्ये आपली ब्रफ सुपीरिअर मोटारसायकल घेऊन निघाला असता सायकलवरील दोन मुलांना चुकवताना फेकला गेला आणि सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये हेल्मेटच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी हेल्मेटसक्ती यायला मात्र 1973 उजाडले. पुण्यात 2019 मध्ये सक्तीविरुद्ध आंदोलने झाली, तेव्हा हा सारा पुरावा जुना झाला होता.

आता युरोप. 14 जून 1985 रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी करार झाला आणि कालांतराने बहुसंख्य देशांतील सीमेवरची तपासणी संपली. शहाडहून निघालेल्या पर्यटकाला एका व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस फिरता येते, नाक्यावर सहसा कोणी थांबवत नाही. पण शेंगेनने पारपत्राची सीमा पुसली, मागच्या आसनाची नाही.

जर्मनीत सात वर्षांखालील मुलासाठी खास आसन लागते आणि पाय चाकाच्या आऱ्यांत जाऊ नयेत अशी सोय असावी लागते. आपला साडीगार्ड येथे बालरक्षक म्हणून भेटतो. फ्रान्समध्ये पाच वर्षांखालील मुलाला बांधून ठेवणारे आसन सक्तीचे आहे. 2016 पासून चालक आणि प्रवासी दोघांनाही प्रमाणित हातमोजे घालावे लागतात, मुलांनाही. स्पेनमध्ये प्रवाशाचे किमान वय 12. मात्र आई, वडील, पालक किंवा त्यांनी अधिकार दिलेली प्रौढ व्यक्ती चालवत असेल तर 7. पोर्तुगालमध्ये 7. जिने सपाट पायदानाची स्कूटर जगाला दिली, त्या इटलीत पाच वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेणेच निषिद्ध आहे. ऑस्ट्रियात मोटारसायकलवर बसण्यासाठी मूल 12 वर्षांचे हवे.

नकाशा येथेच महत्त्वाचा ठरतो. म्युनिक ते बोल्झानो हा युरोपातील मोटारसायकलस्वारांचा आवडता मार्ग इन्सब्रुकवरून जातो आणि सुमारे 1,370 मीटर उंचीची ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत उतरतो. आठ वर्षांची मुलगी म्युनिकमध्ये आणि बोल्झानोतही वडिलांच्या मागे कायदेशीरपणे बसू शकते. मधल्या ऑस्ट्रियात ती बसू शकत नाही. सीमेवर कदाचित कोणी अडवणार नाही, हे खरे. पण तेवढ्यावर विसंबणाऱ्या पालकाने कायद्याच्या दृष्टीने मुलीला बेकायदा प्रवासी केलेले असते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तिच्या वयाविषयीच विचारील.

यावर उपाय दोन. एक, ऑस्ट्रियाचा तुकडा मुलीने आईसोबत रेल्वेने पार करावा. ब्रेनरवरून रेल्वे 1867 पासून धावते. दुसरा, म्युनिकहून पश्चिमेला वळून, बोडेन सरोवराजवळ येणारा ऑस्ट्रियाचा चिंचोळा पट्टाही टाळून, स्वित्झर्लंडमार्गे इटली गाठावी. तेथे 2,106 मीटर उंचीची गॉटहार्ड खिंड आहे, पण ती बर्फामुळे साधारण जून ते ऑक्टोबर एवढीच खुली असते. म्हणजे मुलीच्या वयाने मार्ग ठरतो, मार्गाने महिना ठरतो आणि महिन्याने शाळेची रजा ठरते.

कायद्याच्या आकड्यापलीकडे एक मोजमाप उरते, ते कोणत्याही आरटीओत न जाता घरीच घेता येते. गाडी स्टँडवर उभी करावी, मुलीला मागे बसवावे आणि तिचे तळवे पायटेकूवर पूर्ण टेकतात का, ते पाहावे. ऑस्ट्रियाचा नियम वयासोबत हीच अट घालतो. पाय टेकत नसतील, तर वळणावर तिला केवळ हातांनी स्वतःला धरून ठेवावे लागते, आणि झोप येणारे मूल ते फार काळ करू शकत नाही. दिवसाला तीनशे किलोमीटरचा आराखडा दीडशेवर आणावा लागतो, तो याच कारणाने. त्याची चाचणी घ्यायला आल्प्सपर्यंत जाण्याची गरज नाही. शहाडहून निघणारा रस्ता मुरबाडवरून माळशेज घाटात चढतो, आणि दरडी कोसळण्याचा काळ सरल्यावर, नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी, हे सारे तेथे कळून येते.