धुरकऱ्याची जागा आणि शर्यतीच्या मोटारीतले आसन

धानाची कापणी-मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखनी, लाखांदूरकडच्या गावांना शंकरपटाचे वेध लागतात. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, असा हा बेत. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यासंबंधीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांना होणाऱ्या त्रासाची चर्चा त्या निमित्ताने झाली, ती व्हायलाच हवी होती. आपल्याला इथे मात्र गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याकडे पाहायचे आहे.

पटाचा छकडा हलका असतो. त्यावर गादी नाही, पाठ टेकायला काही नाही, बांधून घ्यायला पट्टा नाही. धुरकरी गुडघे दुमडून अंग खाली ठेवतो, म्हणजे त्याच्या पायांचीच स्प्रिंग होते. चाक उसळले आणि तोल गेला, तर तो बाहेर फेकला जातो किंवा स्वतःच उडी टाकतो. त्याला बांधून का ठेवत नाहीत, याचे उत्तर सरळ आहे: छकडा उलटला तर बांधलेला माणूस त्याखाली सापडेल. हे उत्तर अडाणीपणाचे समजू नये. जगातले सर्वांत वेगवान मोटारचालक १९६० च्या दशकापर्यंत हेच उत्तर देत होते.

त्यांच्याकडे पुरावाही होता. जून १९५२ मध्ये इटलीतील मॉन्झाच्या धावपट्टीवर फँजिओ हा विश्वविजेता मोटारीबाहेर फेकला गेला. मानेचे हाड मोडले, तो हंगाम गेला, पण तो वाचला आणि पुढे आणखी चार वेळा विश्वविजेता झाला. 'बाहेर पडलो म्हणून वाचलो' असे म्हणायला अशी उदाहरणे पुरत. त्याच मॉन्झाला मे १९५५ मध्ये अस्कारी आणि सप्टेंबर १९६१ मध्ये फॉन ट्रिप्स हेही मोटारीबाहेर फेकले गेले. ते दोघेही मेले. वाचलेला माणूस आपला अनुभव वर्षानुवर्षे सांगत राहतो, मेलेला सांगू शकत नाही. केवळ ऐकीव अनुभवांवरून निष्कर्ष काढण्यातला हा धोका विद्यार्थ्यांना दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

मग पट्टा आणि आसन नेमके काय करतात? फळ्यावर एक गणित मांडू. मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने कठड्यावर आदळली. तिचे नाक चुरगळत १ मीटर आत गेले. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, म्हणजे ४०० भागिले २. ऋण त्वरण आले २००, गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २० पट. चालक आसनाला घट्ट बांधलेला असेल तर त्यालाही थांबायला जवळपास तेवढेच अंतर मिळते. तो मोकळा असेल तर मोटार थांबत असताना जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या कठीण भागावर पाचेक सेंटिमीटरांत थांबतो. आता तेच गणित ४०० पट दाखवते. माणूस तोच, वेग तोच, फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा.

वीसपट ओढ माणूस सोसू शकतो का, हे अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःवर तपासले. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटने ढकललेल्या घसरगाडीतल्या आसनाला त्यांना बांधले गेले. गाडीने ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि ती १.४ सेकंदांत थांबली. सरासरी काढली तर सुमारे २० पट येते, पण ओढ एकसारखी नसते. सर्वोच्च क्षणी ती ४६ पटींवर गेली होती. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटून त्यांना काही काळ दिसेनासे झाले. मात्र दृष्टी परत आली आणि ते ८९ वर्षे जगले. शरीर नीट धरून ठेवले, बल छातीच्या आणि ओटीपोटाच्या हाडांवर पसरवले, तर माणूस वाटतो त्यापेक्षा कितीतरी सोसतो, हे यातून दिसले.

तरी शर्यतीतले चालक लगेच बांधून घ्यायला तयार झाले नाहीत, आणि त्यांचे कारण खोटे नव्हते. १९६२ मध्ये लोटस कंपनीची २५ क्रमांकाची मोटार आली. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून तिच्यात चालक जवळजवळ आडवा झोपलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इंधनाच्या टाक्या! जून १९६६ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्ट्यूअर्ट दुसऱ्या कंपनीच्या मोटारीत असेच अडकले. मोटार वाकून सुकाणूच्या चाकामागे पाय सापडले, अंगावर पेट्रोल गळत होते. सुटका करायला सुमारे २५ मिनिटे लागली. दोन सहस्पर्धकांनी ती केली, तीही एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून. यानंतर स्ट्यूअर्ट यांनी सुरक्षिततेसाठी जी मोहीम चालवली ती पुष्कळांना आवडली नाही, पण तिनेच शर्यतींचे रूप पालटले.

आगीच्या याच भीतीपायी योखेन रिंट मांड्यांमधून येणारा पट्टा लावत नसे. ५ सप्टेंबर १९७० रोजी मॉन्झाला सरावात त्याची मोटार कठड्यावर आदळली. खालचा पट्टा नसल्याने त्याचे शरीर कमरपट्ट्याखालून पुढे घसरले आणि पट्ट्याने गळ्याला जीवघेणी इजा झाली. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. १९७२ पासून फॉर्म्युला वनमध्ये सहा टोकांचा पट्टा सक्तीचा झाला.

इथे छकड्याचा प्रश्नही सुटतो. पट्टा एकटा कोणाला वाचवत नाही. डोक्यामागची भक्कम कमान १९६१ मध्ये सक्तीची झाली होती, १९७० च्या सुमारास न फुटणाऱ्या रबरी पिशवीच्या टाक्या आल्या. माणसाभोवती न चेपणारी, न पेटणारी पोकळी तयार झाल्यावरच त्याला त्या पोकळीत बांधून ठेवणे शहाणपणाचे ठरले. धुरकऱ्याभोवती अशी पोकळीच नाही. त्याला पट्टा बांधणे आजही घातक ठरेल.

आता आरामाविषयी. शर्यतीचे आसन हातात घेतले तर नवख्याची निराशाच होते. पातळ कापड, त्याखाली टणक कवच. मऊ गादी का नाही? जाड मऊ गादीवर बसलेल्या माणसाला खालून हिसका बसला की आधी गादी दबते. तेवढ्या वेळात तळ वेग घेतो, माणूस मात्र होता तिथेच असतो. गादी पूर्ण दबली की तो वेग घेतलेला तळ एकदम मणक्यावर आदळतो. मऊपणाने धक्का कमी न होता वाढला! अंडी धाडताना आपण ती सैल कापसावर ठेवत नाही, तणसात चारी बाजूंनी गच्च बसवतो, ते याच कारणाने. वर्गात दोन डबे घेऊन हे करून पाहता येईल. अंडी उकडलेली घ्यावीत, म्हणजे नंतर वाया जात नाहीत.

म्हणून आराम मऊपणातून न मिळवता आकारातून मिळवतात. मोठ्या शर्यतींत चालकाला मोटारीतच एका पिशवीवर बसवतात आणि पिशवीत दोन रसायने ओततात. त्यांचा फेस फुगून शरीराभोवती घट्ट होतो. त्या साच्यावरून आसन बनते. जितकी जास्त त्वचा आसनाला टेकते, तितका कुठल्याही एका बिंदूवरचा दाब कमी. दोन तास वळणांवर अंग सावरण्यात स्नायू थकत नाहीत आणि धडकेत बलही पसरते. आराम आणि सुरक्षितता इथे एकाच भूमितीतून येतात, हे आम्हाला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर वाटते.

एक उणीव मात्र बरीच वर्षे राहिली. धड बांधले, डोके मोकळे! आधीच जड डोके, त्यावर शिरस्त्राण. धडकेत मान ताणून कवटीच्या तळाशी अस्थिभंग होई. जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकात खांद्यांवर बसणारी, शिरस्त्राणाला दोऱ्यांनी जोडलेली कॉलर तयार केली. अवघडल्यासारखे होते म्हणून ती नाकारणारे अनेक होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत डेटोना येथे डेल अर्नहार्ट गेले, तेव्हा त्यांच्याकडे ती नव्हती. फॉर्म्युला वनने ती २००३ मध्ये सक्तीची केली. त्याआधी, १९९९ पासून, जखमी चालकाला आसनासकट उचलून बाहेर काढता यावे असा नियम झाला होता. मोडलेल्या मणक्याला हलवायचे नसते.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँ ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यात घुसला. ओढ ६७ पट, मोटारीचे दोन तुकडे, भोवती आग. पोकळी टिकली, पट्ट्यांनी त्याला शुद्धीवर राहील इतके सांभाळले, आणि सुमारे २७ सेकंदांनी तो स्वतः पट्टे सोडून बाहेर आला. भाजले ते मुख्यतः हात. रिंटला ज्याची भीती होती ती आग आणि ज्याने त्याचा जीव गेला ती धडक, दोन्ही त्याच्या वाट्याला एकदम आली होती.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले हल्ली स्पर्धांसाठी स्वतः शर्यतीच्या गाड्या बांधतात. आपल्या जिल्ह्यातला कोणी माजी विद्यार्थी त्यांत असला आणि आसनाविषयी विचारू लागला, तर त्याला काही गोष्टी नक्की सांगाव्यात. कमरपट्टा पोटावर न येता ओटीपोटाच्या हाडावर यावा. खांद्यांचे पट्टे मागे फार खाली बांधू नयेत, नाहीतर धडकेत तेच मणका दाबतात. आसन पत्र्याला न जोडता सांगाड्याला जोडावे. आणि जुने आसन स्वस्त मिळते म्हणून घेण्याआधी त्याच्यावरची तारीख पाहावी: आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या १९९९ च्या मानकाप्रमाणे प्रमाणित आसनाची मुदत पाच वर्षांची असते. एकदा धडक सोसलेल्या कवचातल्या बारीक चिरा कापडाखाली दिसत नाहीत.