ईसीजी काढताना उजव्या पायाला वायर लावतात, पण ती हृदयाची नोंद घेतच नाही. मग ती करते काय?

ईसीजी काढताना अंगावर दहा ठिकाणी वायरी लावतात. सहा छातीवर आणि चार हातापायांना. यातली उजव्या पायाची वायर हृदयाचं काहीच मोजत नाही. तिचं काम वेगळंच आहे.

प्रत्येक ठोक्याला हृदयात वीज निर्माण होते. त्वचेवर मात्र ती जेमतेम १ मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग मिळते. त्याच खोलीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचं लाइटचं वायरिंग असतं. आपलं शरीर अँटेनासारखा त्याचा गोंगाट पकडतं आणि तो हृदयाच्या सिग्नलपेक्षा मोठा असू शकतो. सरसकट सगळंच वाढवलं, तर गोंगाटही वाढणार.

म्हणून मशीनमधला अ‍ॅम्प्लिफायर दोन ठिकाणांमधला फक्त फरक वाढवतो. लाइटचा गोंगाट दोन्ही हातांवर जवळपास सारखा असतो, त्यामुळे तो वजा होतो. हृदयाचा सिग्नल वेगवेगळा असतो, तो उरतो.

तरी थोडा गोंगाट राहतोच. इथे उजवा पाय कामाला येतो. बऱ्याच मशीन हा सारखा गोंगाट उलटा करून अगदी सूक्ष्म, सुरक्षित करंटने उजव्या पायातून शरीरात परत सोडतात. उलट-सुलट मिळून गोंगाट जवळपास संपतो.

त्वचेला जेल लावतात तेही यासाठीच. एका हाताचा संपर्क चांगला आणि दुसऱ्याचा कोरडा असेल, तर गोंगाट सारखा राहत नाही आणि वजाबाकी फसते.

पुढचं काम फिल्टरचं. श्वासामुळे होणारे संथ चढउतार आणि स्नायूंची थरथर तो कमी करतो. निदानासाठीच्या ईसीजीत साधारण ०.०५ ते १५० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवतात. त्यानंतर सिग्नलचे आकडे होतात आणि कागदावर रेघ उमटते.

एवढा खटाटोप कशासाठी? कागदावर १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर. हार्ट अटॅक ओळखताना रेघेचा ठरावीक भाग १ मिलिमीटर वर सरकला, तरी बऱ्याचदा डॉक्टर सावध होतात. हा फरक व्होल्टच्या फक्त दहा हजाराव्या भागाचा आहे. फिल्टर गरजेपेक्षा कडक लावला, तर नेमका हाच भाग बिघडू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी ईसीजी काढताना हातपाय सैल सोडा, बोलू नका. तुमच्या स्नायूंची थरथरही मशीनला ऐकू जाते.