बहात्तर सालच्या पोरींचं म्हातारपण

मी गोरेगावातून बोलतेय. मुंबईचं गोरेगाव, पश्चिम रेल्वेवरचं. रायगड जिल्ह्यातही एक गोरेगाव आहे, तिथल्या मैत्रिणींनी उगीच हुरळून जाऊ नये.

आज थोडा इतिहास सांगणार आहे. आपल्या आयांचा आणि सासवांचा.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत १९४६ ते १९६४ या वर्षांत भरपूर मुलं जन्मली. त्या पिढीला तिकडे ‘बेबी बूमर’ म्हणतात. ती पिढी आता साठी-सत्तरीच्या पुढे गेलीय. निवृत्तीनंतर काय शिकायचं, कुठे फिरायचं, कोणतं नवं काम धरायचं, यावर तिकडे पुस्तकंच्या पुस्तकं निघतात. आपल्याकडे त्याच वर्षांत जन्मलेल्या बाईचा जन्मदाखलासुद्धा सापडत नाही. तिला वय विचारलं की ती म्हणते, “बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची, पदरात एक पोर होतं.” झालं. त्यावरून वय आपण काढायचं. गटाचे अर्ज भरताना हा हिशेब मी इतक्या वेळा केलाय की १९७२ हे साल मला स्वतःच्या जन्मसालासारखं तोंडपाठ आहे.

म्हणून त्या सालापासूनच सुरुवात करते.

त्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस फसला. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली, आणि लाखो माणसं सरकारी दुष्काळी कामांवर गेली. रस्ते, पाझर तलाव, खडी. तिथे बाया फार मोठ्या संख्येने होत्या. सुकडी खाऊन, पोराला झाडाच्या सावलीत झोळीत टाकून त्यांनी काम केलं. तोवर घरच्या शेतात राबणाऱ्या बाईच्या हातावर कुणी पैसे ठेवत नव्हतं. इथे हजेरीपटावर तिचं स्वतःचं नाव आलं. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं म्हणणारा तो देशातला पहिला कायदा. त्याचं श्रेय वि. स. पागे यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण कामावर जाऊन जाऊन सरकारला तो कायदा करायला लावणाऱ्यांत ह्या बायाही होत्या, एवढं लक्षात ठेवू या.

त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळं महाग, आणि रेशनच्या रांगेत उभं राहूनही मिळेल याचा भरवसा नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एकत्र आल्या आणि महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मोर्चात बाया थाळ्या वाजवत, हातात लाटणी घेऊन निघाल्या. चाळीतली, झोपडपट्टीतली बाई, जी नवऱ्याला विचारल्याशिवाय भाजीला जात नव्हती, ती मंत्रालयावर गेली. त्या मोर्चात वीस-बावीस वर्षांच्या असलेल्या पोरी आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.

मृणालताई आमच्या गोरेगावच्या. त्यांचा जन्म १९२८चा, म्हणजे वयाने त्या ह्या पिढीच्या थोरल्या बहिणीसारख्या. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धं सोडून त्या चळवळीत आल्या. गोरेगाव तेव्हा खरोखर गाव होतं, ग्रामपंचायत होती, आणि ताई आधी त्या पंचायतीत निवडून आल्या. १९५७ साली गोरेगाव मुंबई महापालिकेत गेलं. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांचे पती केशव गोरे वारले. ताई तिशीच्या, पदरात लहान मुलगी. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचं आयुष्य तिथेच संपलं असं लोकांनी धरलं असतं. त्या १९६१ साली नगरसेवक झाल्या, झोपडपट्टीच्या नळांसाठी इतक्या भांडल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच नाव पडलं. १९७२ साली आमदार, आणीबाणीत तुरुंग, १९७७ साली खासदार.

हे सगळं तुम्ही ऐकलं असेल. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. पंचावन्नाव्या वर्षी, जेव्हा बाकीच्या बाया सुनेच्या हाती स्वयंपाकघर देऊन जपमाळ धरतात, तेव्हा ताईंनी बाबुराव सामंत आणि इतर सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषदेचं काम हाती घेतलं. शहरातली जादा जमीन सरकारने घेऊन गरिबांच्या घरांसाठी द्यावी, असा कायदा १९७६ साली झाला होता. जमीन मात्र द्यायला कुणी तयार नव्हतं. भांडून, कोर्टकचेऱ्या करून अखेर गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सहा हजारांवर घरं उभी राहिली. मधल्या काळात, १९८६ साली, त्यांनी विधानसभेत गर्भलिंग तपासणीविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. दोन वर्षांनी महाराष्ट्राने तसा कायदा केला, देशात सर्वांत आधी. तेव्हा त्या साठीच्या होत्या. २०१२ साली गेल्या, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

माझं म्हणणं असं की म्हातारपणी नव्याने काही सुरू करणाऱ्या बाया आज दिसतात, त्यांची तयारी साठीला झालेली नाही. ती बहात्तर सालीच झालीय. घराबाहेर पडायला आणि चारचौघींत बोलायला त्या तेव्हा शिकल्या.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी माणसं काय पूर्वी नव्हती? होती. पण कमी होती. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे बत्तिशीत मरत असा नाही. लहान मुलं आणि बाळंतिणी इतक्या दगावत की सरासरी खाली यायची. देवी हटली, पटकी आणि हिवताप कमी झाले, लसी आल्या, आणि आज ती सरासरी सत्तरच्या घरात आहे. दुसरीकडे, सत्तरच्या दशकात बाईला सरासरी पाच मुलं होत, आता महाराष्ट्रात दोनसुद्धा नाहीत. म्हणजे म्हातारपण लांबलं आणि सांभाळणारे हात घटले. पूर्वीच्या आजीला विचारावंच लागत नव्हतं की उरलेल्या वीस वर्षांचं काय करू. तिला वीस वर्षं मिळतच नव्हती, आणि मिळाली तरी ओटी भरून नातवंडं होती. आजच्या आजीचा नातू पुण्याला नाहीतर दुबईला असतो आणि फोनवर दिसतो.

मग ह्या आज्यांनी काय केलं, ते पाहा.

ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना, आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या तीसेक आज्या, पाठीवर दप्तर, हातात पाटी, आणि गणवेश म्हणजे गुलाबी लुगडं. सवाष्ण असो की विधवा, लुगडं एकच. हे मला शाळेपेक्षाही मोठं वाटतं. १९७१च्या जनगणनेत देशातल्या दर पाच बायांत जेमतेम एक लिहिती-वाचती होती. म्हणजे उरलेल्या चौघींची शाळा राहून गेली होती, ती फांगण्यात भरली. अंगठ्याच्या जागी सही आली. पेन्शनच्या कागदावर काय लिहिलंय ते आपलं आपल्याला वाचता येणं काय असतं, हे ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याकडून वाचून घेतलंय त्यांनाच विचारा.

नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे तुमच्यातल्या अनेकींनी मोबाइलवर पाहिल्या असतील. शाळेत न गेलेल्या ह्या आजींनी सत्तरीत नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल सुरू केलं, आणि वाटण कसं करायचं ते लाखो लोक त्यांच्याकडून शिकले. जन्मभर चुलीपुढे केलेल्या कामाला पहिल्यांदा मोल मिळालं, तेही साऱ्या जगासमोर.

बारामतीच्या लता करे यांचं उदाहरण मात्र मला वेगळ्या रांगेत ठेवावंसं वाटतं. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी मॅरेथॉन धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. सगळ्यांनी त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं. पण त्या धावल्या कशासाठी? नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून. मजुरी करणाऱ्या बाईला म्हातारपणी धावायला लागतं, ह्याच्या टाळ्या वाजवताना हात थोडा आखडला पाहिजे.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर १९८६ साल आठवू या. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला त्या वर्षी नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. लाखावर शेतकरी बाया जमल्या. त्यातूनच पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला: नवऱ्याने जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं, त्या गावाचा जाहीर सन्मान व्हायचा. तेव्हा काही पुरुष हसले असतील. आज त्या बाया सत्तरीत आहेत, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर नाव आहे त्यांना घरात ‘आई, जेवलीस का’ असं विचारतात. बाकीच्यांना विचारत नाहीत असं मी म्हणत नाही. पण कागदाचा आवाज घरात ऐकू येतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

म्हणून दोन-तीन कामाच्या गोष्टी. श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षांवरच्या गरजूंना २०२३पासून महिन्याला पंधराशे रुपये मिळतात; अर्ज तहसीलमध्ये. मुलं सांभाळत नसतील तर २००७च्या कायद्याप्रमाणे प्रांताकडे निर्वाह खर्च मागता येतो, दहा हजारांपर्यंत, आणि वकील लागत नाही. घर किंवा शेत मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचंच असेल, तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात लिहून घ्या. अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. हे शब्द नसले की फार झगडावं लागतं.

आणि एसटी. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीवरच्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट. आज्या माहेरी जाऊन आल्या. काहींची माहेरं पन्नास किलोमीटरवर होती आणि वीस वर्षांत पाहिली नव्हती.

गोरेगावात आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बागेत हास्यक्लब आहेत. तिथे गेलात तर दिसेल की माइक बहुधा निवृत्त साहेबांच्या हातात असतो आणि बायका मागच्या खुर्च्यांवर. कारण साधं आहे. निवृत्त व्हायला आधी नोकरी असावी लागते. धुणीभांडी करणारी, पोळ्या लाटून देणारी बाई निवृत्त कधी होते? गुडघे निवृत्त करतील तेव्हा. त्यात चाळी पाडून उंच इमारती झाल्या. घर पक्कं झालं, संडास घरात आला, ते चांगलंच. पण ओटा गेला. चौदाव्या मजल्यावरची आजी लिफ्टला घाबरून खाली उतरत नाही.

अशा बायांना बसायला जी जागा उरते ती म्हणजे आपला गट. आणि तिथे आपण काय करतो? साठी झाली की ‘आता आईंचं नाव कमी करा, सुनेचं घाला’. विम्याची वयोमर्यादा, कर्जाची फेड, बँकवाल्यांचे प्रश्न, सगळी कारणं खरी आहेत. पण नाव कमी केलं की तिची महिन्याची बैठक जाते, आणि महिन्यातून एकदा इस्त्रीची साडी नेसून घराबाहेर पडायचं कारणही जाते.

आमच्या वस्तीतल्या एका गटाने गेल्या वर्षी वेगळं ठरवलं. साठीवरच्या चौघींनी कर्ज घ्यायचं नाही, बचत मात्र पन्नास रुपये चालू ठेवायची, आणि सून हवी तर वेगळी सभासद. त्यातल्या थोरल्या मावशी एक्क्याहत्तरच्या. त्यांना लिहिता येत नाही, पण गेल्या अकरा वर्षांत कुणी कधी हप्ता चुकवला ते तारखेसह आठवतं. अध्यक्षांनी त्यांना वसुलीच्या बैठकीत पुढे बसवायला सुरुवात केलीय. हप्ते वेळेवर यायला लागलेत.