जखम बांधणाऱ्या हातांची जखम

वागळे इस्टेट म्हटली की आम्हां ठाणेकरांना कारखान्यांचे भोंगे आठवतात. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म येथेच झाला. यंत्राबरोबर इजाही आली, आणि इजेसाठी कामगार हॉस्पिटलही आले. कामावर झालेल्या इजेची भरपाई कामगाराला १९२३ च्या कायद्याने मिळाली होती. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने तिला औषधोपचाराची जोड दिली. पण कामगाराचे बोट बांधणाऱ्या सिस्टरच्या इजेचे काय, हा प्रश्न मला नेहमी पडतो. तुटलेले बोट दिसते. रोगी उचलून उचलून धरलेली कंबर, टोचलेल्या सुईतून येणारी कावीळ आणि रात्रपाळीत मनात बसलेली धास्ती मात्र दिसत नाही.

इतिहासही याच बाजूने आंधळा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा साऱ्या जगाला ठाऊक आहे. १८५५ साली क्रिमियात त्यांना जो ताप जडला आणि ज्याने पुढे कित्येक वर्षे त्यांना अंथरुणाला खिळवले, तो किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या मुंबईतही असेच एक दुःख घडले. अरुणा शानबाग ही हळदीपूरची मुलगी केईएममध्ये परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, वयाच्या पंचविशीत, रुग्णालयाच्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. गळा आवळला गेला, मेंदूला कायमची इजा झाली. मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे तिला तेथून हलवण्याचे महापालिकेचे प्रयत्नही त्यांनी परतवून लावले. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मानला तो याच सेवकवर्गाचा. १८ मे २०१५ रोजी तिने डोळे मिटले. तोवर परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. परंतु शुश्रूषेत खंड पडला नाही.

या सोबतीला नमस्कार करावा तेवढा थोडाच! पण सोबतिणींची माया म्हणजे व्यवस्था नव्हे. रुग्णालयातील हिंसेला शिक्षा सांगणारा कायदा महाराष्ट्राने २०१० साली केला. तो हल्लेखोराला पकडील. हादरलेल्या सिस्टरजवळ कोण बसेल? मनालाही इजा होते, हे आमच्या ठाण्याला नवे नाही. वागळे इस्टेटीजवळचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. यंत्रावरच्या इजेचा हिशेब जेथे रोज मांडला जातो, तेथे या न दिसणाऱ्या जखमेलाही वहीत एक ओळ मिळाली पाहिजे.

वाचकहो, दिवाळीच्या रात्री आपण फराळाला बसू, तेव्हाही कुठल्या तरी वॉर्डात एक सिस्टर जागी असेल. तिची विचारपूस कोणीतरी करावी, एवढेच मागणे.