हुकूम, हजेरी आणि न्याय

वेदगंगेकाठचे मुरगूड, म्हणजे आजच्या कागल तालुक्यातील बाजारपेठेचे गाव, १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन होईपर्यंत ज्या कायद्याखाली नांदले, त्याचा उगम अखेरीस छत्रपतींच्या हुकमात होता. इंग्रज विधिवेत्ता जॉन ऑस्टिन याने १८३२ साली कायद्याची व्याख्या सार्वभौमाची आज्ञा अशीच केली होती. कायदा काय आहे आणि तो कसा असावा हे प्रश्न वेगळे ठेवणाऱ्या या विचाराला विधिप्रत्यक्षवाद म्हणतात. अर्थात, ऑस्टिनचा सार्वभौम कोणाचेही ऐकत नाही, आणि छत्रपतींच्या डोक्यावर तर ब्रिटिश सत्ता होती!

१८७१ च्या ब्रिटिश कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पुढे त्यांतील माणसांवर ठरावीक वेळी हजेरी देण्याची सक्ती आली. अशी नोंद करणारा अंमलदार विधिप्रत्यक्षवादाच्या कसोटीवर कायदाच पाळत होता, मग तो कायदा कितीही अन्यायी असो. मात्र कायदा नीतीतून उपजतो असे मानणाऱ्याला हा निव्वळ बळाचा वापर वाटेल. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी १९१८ साली संस्थानातील हजेरी बंद केली, पण तीही हुकमानेच, त्यामुळे त्यांची कृती दोन्ही पक्षांना आपापली साक्ष वाटू शकते. विधिवेत्ते हार्ट आणि फुलर यांनी १९५८ साली नाझी कायद्यांवरून हाच वाद घातला, तेव्हा भारतातील तो जमातीविषयक कायदा रद्द होऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती.