गिअरपेटीतला देवमासा

मोटारीच्या स्वयंचलित गिअरपेटीतले तेल किती दिवसांनी बदलावे? आपल्या या साध्या प्रश्नामागे एक देवमासा आहे.

१९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारींपासून अमेरिकेत अशा गिअरपेट्या रुळल्या. त्यांतले तेल नुसते वंगण नव्हे. ते दाब पोचवते, उष्णता वाहून नेते आणि क्लचच्या चकत्या धक्का न देता पकडतील हेही पाहते. या शेवटच्या कामासाठी त्यात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळत. (तेल म्हणायचे इतकेच, रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बहुतांशी द्रवरूप मेण!) १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातला आणि पर्याय शोधणे भाग पडले.

पर्याय सापडले, सुधारले. तरी उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होतेच. म्हणून घाटात ओझे ओढणाऱ्या गाडीचे तेल सपाटीवरच्या गाडीपेक्षा लवकर बदलावे लागते, दोघींचे किलोमीटर सारखे असले तरी.