डबीतून ड्रॉपर बाटलीत

लहान प्रतिकृती रंगवण्याच्या छंदात रंगाइतकेच त्याच्या भांड्यालाही महत्त्व आहे. इंग्लंडमधील हल येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या हम्ब्रॉलचे इनॅमल रंग १४ मिलिलिटरच्या पत्र्याच्या डबीत मिळत. पुढे पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग रुळले. सिटाडेल या ब्रँडने ते प्लॅस्टिकच्या डब्यांत विकले. ब्रश थेट बुडवायला या डब्या सोयीच्या, पण खरी अडचण झाकणाच्या कडेला येते. तिथे साचलेला रंग वाळतो, झाकण घट्ट बसत नाही आणि आत शिरलेल्या हवेने चांगला रंग घट्ट होत जातो. स्पेनच्या व्हायेहो कंपनीने १७ मिलिलिटरची ड्रॉपर बाटली लोकप्रिय केली. तिच्यामुळे थेंब मोजून तीच छटा पुन्हा जुळवता येऊ लागली, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

त्यातूनच डबीतला अ‍ॅक्रिलिक रंग ड्रॉपर बाटलीत भरण्याची पद्धत रूढ झाली. तळाचा साका ढवळून रंग थोड्या पाण्याने किंवा मीडियमने पातळ करतात, बाटलीची चोच काढून तो पिपेटने आत सोडतात. ढवळण्यासाठी न गंजणारी स्टेनलेस स्टीलची गोळी टाकतात. साध्या लोखंडाच्या गंजाने रंग बिघडतो. शेवटी बाटलीवर रंगाचे नाव लिहितात.